जिंकलेला उठत नाही

पोळ्याच्या आठवड्यात ती बातमी येतेच. मजकूर ठरलेला असतो. गोपनीय माहितीवरून छापा टाकला असता लिंबाच्या झाडाखाली गोलाकार बसून तिर्रट नावाचा जुगार खेळताना अमुक इसम मिळून आले. रोख रक्कम, पत्ते आणि मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. तिर्रट म्हणजे तीन पानांचा डाव. श्रावण लागला की तो आमच्या परभणी जिल्ह्यात गावोगाव सुरू होतो आणि पोळ्याला भरात येतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून हा मजकूर मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा तपासला आहे की फक्त गावाचे नाव आणि माणसांची वये बघतो. झाड बहुतेक वेळा लिंबाचेच असते.

यंदाही ती आली. तिच्या पाठोपाठ एका तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला.

“साहेब, एक लय भारी बातमी हाय. आमच्याकडच्या एका पोरानं मोबाइलवर पोकरमधी मोठी रक्कम जिकली. उद्या पोळ्याला गाव सत्कार करायलंय. फोटो एक नंबर मिळतो. पाठवू का?”

“त्या खेळांवर बंदी आली ना?”

“बंदी कागदावर हाय हो. पोरं बाहेरच्या देशातल्या लिंकवर खेळायलेत. सत्काराला काय बंदी हाय का?”

संध्याकाळी सांगतो, असे म्हणून फोन ठेवला. खिडकीबाहेर एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीत कागदी फुले, रंगीत गोंडे, घुंगरमाळा. ताडकळसच्या बाजाराला निघाला असावा.

श्रावणाचा शेवट हा आमच्याकडे रिकाम्या हातांचा काळ. मूग तोडून झालेला असतो. सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, पण काढणीला अवकाश असतो. रान ओले, पाय टाकावा तर चिखलाचा गोळा वर येतो. कुळवणी, खुरपणी थांबलेली. घरात पुरणाची डाळ निवडली जाते, गोठ्यात शिंगांना लावायच्या रंगाचा वास सुटतो. तो वास नाकातून डोक्यात चढतो आणि दिवसभर जात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि त्यांच्या कानात दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण सांगतात. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू ठेवले त्याच्याशी एक दिवस माणसासारखे बोलायचे, असा तो सण. त्याच दिवशी देवळामागे पत्ते पिसले जातात. पोळ्याला एक डाव खेळावा, वर्ष कसे जाईल ते कळते, असे लोक म्हणतात. एक डाव म्हणतात आणि चूल पेटायच्या वेळेपर्यंत बसतात.

काही वर्षांपूर्वीचा एक पोळा आठवतो तो या रंगाच्या वासामुळे.

गाव बोरीच्या पलीकडचे. त्याचे नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिले होते, तेवढे पुरे झाले. त्या गावात मारुतीचे देऊळ आहे, पुढे पार, मागे सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर सावली धरणारा लिंब. देवळाचे पुजारी मुंजाभाऊ. उंच, हडकुळे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला, खांद्यावर कायम दस्ती, म्हणजे मोठा सुती रुमाल. त्यांचा मुलगा बालाजी वडिलांना दादा म्हणत असे. बालाजी धावपटू होता. जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्याच्या कडेने पळताना दिसतात, त्यांतला एक. गावातली दहा पोरे त्याच्याबरोबर पळायची. ती त्याच्या मागे असायची. मैदानी परीक्षेत तो दोनदा उत्तीर्ण झाला होता, लेखीत थोडक्यात राहिला होता. त्या वर्षीची भरती ही त्याच्या वयात बसणारी शेवटची. ही गोष्ट त्याला माहीत होती, मुंजाभाऊंना माहीत होती, आणि माझ्या वहीतही लिहिलेली होती.

मैदानी चाचणीची तारीख पावसामुळे दोनदा पुढे गेली. मैदानात पाणी साचले होते. मुले गावात आणि परभणीच्या अभ्यासिकेत अडकून पडली. अभ्यासिका म्हणजे पत्र्याखालची लांब खोली, लाकडी फळ्यांचे कप्पे, ओल्या कपड्यांचा वास, भिंतीवर इतिहासाच्या सनावळ्या. प्रत्येक कप्प्यात एक पुस्तक उघडे आणि पुस्तकाच्या घडीत एक फोन. बालाजी तिथेच पोकर शिकला. आधी खोट्या चिपांवर, मग खऱ्या पैशांवर. शिकवणारा कोणी नव्हता. फोनच शिकवत होता. हरला की धीर देत होता, थांबला की हाक मारत होता. ‘तुमचे टेबल तुमची वाट पाहत आहे’, असा संदेश त्याने मला नंतर दाखवला. शुद्ध मराठीत होता. एकही चूक नव्हती.

श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात तो एक स्पर्धा जिंकला. रक्कम मी बातमीत लिहिली होती. आज ती लिहीत नाही, कारण तो आकडा वाचला की वाचणाऱ्याचे पुढच्या ओळीकडे लक्ष राहत नाही. हे तेव्हाही मला ठाऊक होते, म्हणूनच तो मथळ्यात होता.

गावाने सत्कार ठरवला. आमच्याकडे सत्काराची एक रीत पडून गेली आहे. मुलगा फौजदार झाला, मुलगी वैद्यकीयला लागली, कोणी कुस्ती मारली, की चौकात फलक लागतो. त्यावर खाली शुभेच्छुकांचे चौकोनी फोटो. शाल, नारळ, ध्वनिक्षेपक. वाट बघून बघून गावे कंटाळलेली असतात. भरती निघत नाही, निघाली तर अडकते, लागली यादी तर गावातला कोणी त्यात नसतो. फलकाची चौकट तयारच असते, आत बसवायला चेहरा हवा असतो. बालाजीचा चेहरा मिळाला. जिंकला एवढे पुरेसे होते. काय जिंकला हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. मलाही.

त्या गावची पोळ्याची एक प्रथा होती. बैल तोरणाखाली उभे राहिले की पुजारी मानाचा नारळ मानाच्या बैलाच्या धन्याला देतो, तो पारावर फोडतो आणि मग पोळा फुटतो. पिढ्यान्पिढ्या हा मान एकाच घराचा. त्या वर्षी त्या घराने आपणहून मान सोडला आणि नारळ बालाजीने फोडावा असे ठरले. म्हणजे मुंजाभाऊंनी आपल्या हाताने तो आपल्या मुलाच्या हातात द्यायचा होता.

मी सकाळीच पोहोचलो. मुंजाभाऊ देवळामागचा ओटा झाडत होते. आदल्या दिवशीच्या डावाचे काही पत्ते कोपऱ्यात भिजून चिकटले होते. ते नखाने खरवडून काढत होते. माझा आवाज ओळखून उभे राहिले.

“या साहेब. च्या घेणार का?”

“नको. कार्यक्रम किती वाजता?”

“तेच बोलायचं होतं. एक इनंती हाय. ते पेपरात नका देऊ.”

“का? चांगली बातमी आहे.”

“चांगली हाय म्हणूनच म्हणायलोय.” त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. “तीस साल झाले मी हा ओटा झाडायलोय. इथं बसणारे सगळे बगितलेत. हारलेला माणूस शिव्या देत का होईना, उठून घरी जातो. जिकलेला उठत न्हाई. तेला वाटतं आज देव आपल्या अंगाला हाय. आता गावानं नारळ दिला, गावाचं तोंड मी धरू शकत न्हाई. पण तुमी छापलं की तेला उठताच येणार न्हाई बगा.”

“अहो, एक दिवसाची बातमी असते. दुसऱ्या दिवशी कोण लक्षात ठेवतं?”

“आमच्या गावात ठेवतेत. आमच्याकडं पेपरात दोनदाच नाव येतं. जिकल्यावर अन् मेल्यावर.” मग हसल्यासारखे करून म्हणाले, “तेची भरती होऊ द्या. मंग चार कॉलम द्या, आठ द्या. मी सोता पेढे घेऊन येतो कचेरीत.”

बघतो, असे मी म्हणालो. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ छापतो असाच असतो.

दुपारी ऊन पडले. बैल आले, अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंगे. सरपंचांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. आपल्या गावचे नाव ज्याने देशाच्या नकाशावर नेले, अशी सुरुवात झाली. गर्दीत पुढे एक म्हातारे शेतकरी बैलाची वेसण धरून उभे होते. त्यांनी शेजारच्याला विचारले,

“काय केलं म्हणायलेत पोरानं?”

“पत्ते खेळला, आबा.”

“अन् मंग आमी काय लिंबाखाली भजन करायलोत व्हय इतके दिस? आमाला कवाच कुणी शाल न्हाई दिली.”

लोक हसले. सरपंचही हसले. ते हसू अजून कानात आहे, कारण त्या सत्कारात खरे बोललेले ते एकच वाक्य होते आणि ते विनोद म्हणून निघून गेले.

बालाजीने त्या दिवशी आपल्याबरोबर पळणाऱ्या दहा पोरांना जिंकलेल्या पैशांतून सारखे बनियन दिले. झेंडूच्या रंगाचे, झगझगीत. अकरावे त्याच्या अंगात होते. अकरा पोरे पारावर एका ओळीत उभी राहिली आणि फुलांच्या माळांत वेगळी दिसेनात. मुंजाभाऊंनी नारळ पुढे केला. मुलाकडे पाहिले नाही. बालाजीने तो दोन्ही हातांनी वर धरला तेव्हा मी छायाचित्र घेतले. चांगले आले.

मी त्याला दोन प्रश्न विचारले. तो म्हणाला, “सर, पोकर म्हणजे नशीब न्हाई. डोक्याचा खेळ हाय. समोरच्याचं मन वाचायचं असतं.” समोर कोण असते, असे मी विचारले नाही. त्याने समोरच्या कोणालाही पाहिलेले नव्हते. एक टोपणनाव, एक चित्र, एक घड्याळ. ती माणसे होती की नाहीत हेही त्याला सांगता आले नसते. उत्तर अवतरणचिन्हांत जशास तसे छापले.

परत येताना कळले की तिकडे सत्कार चालू असताना गावापासून दोन शेते पलीकडे छापा पडला. लिंबाखालचेच सात जण. त्यांतले दोघे सत्काराला येणार होते, डाव संपवून.

त्या दिवशी पानावर येलदरीची बातमी यायची होती. धरण भरत आले होते, पाणी सोडणार असे सकाळपासून सांगत होते. सोडले नाही. चार कॉलम रिकामे राहिले. बालाजी तिथे बसला. डाव्या बाजूला, तळाशी, छाप्याची एक कॉलम बातमी. पान लावणारा मुलगा म्हणाला, “सर, दोन्ही जुगाराच्याच आहेत. एकाच पानावर बऱ्या दिसतील का?” मी म्हणालो, एक कर्तृत्व आहे, एक गुन्हा आहे. वाक्य चटकन सुचले म्हणून बरेही वाटले. छायाचित्राच्या कडेला मुंजाभाऊ आले होते, खाली बघत. चौकटीत बसेनात म्हणून कापले.

पोळ्यानंतरचे दिवस लांबट असतात. पाऊस पडतो आणि पडत नाही. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या फिरतात. ज्वारीच्या रानात अजून तण असते. रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या मुलांत मी कधीमधी बोरीकडे जाताना झेंडूचा रंग शोधत असे. दहा दिसायचे. बालाजीचा जोडीदार कैलास एकदा चहाच्या टपरीवर भेटला. हा लहानखुरा, अबोल मुलगा, कायम बालाजीच्या एक पाऊल मागे पळणारा.

“बालाजी कुठाय?”

“येतो की. पैल्या दिवशी उशिरा आला. मंग मैलाच्या दगडावर बसून आमाला टायम सांगायला लागला. आता अभ्यासिकेतच असतो. तुमच्या बातमीचं कातरण लावलंय तिथं, प्लास्टिकमधी घालून. जिंतूरची पोरं येयलेत तेच्याकडं शिकायला. गुरुजी म्हणायलेत तेला.”

“तू नाही शिकलास?”

“माझ्याकडं साधा फोन हाय,” कैलास म्हणाला आणि ओशाळला, जणू ते त्याचे उणे होते.

तो अभ्यासिकेतला कागद मी पाहिला. एक दिवस मुद्दाम गेलो होतो. सनावळ्यांच्या मधोमध लावला होता. खाली माझे नाव होते, लहान अक्षरांत. कप्प्यांमधली मुले मान खाली घालून बसली होती आणि बाहेरच्या माणसाला ती अभ्यास करत आहेत असेच वाटले असते. जिंकल्याचा एक आवाज असतो त्या खेळाला, नाणी सांडल्यासारखा. तो मात्र फार क्वचित ऐकू आला. हरल्याचा आवाज ठेवलेला नाही. ज्याने खेळ बनवला तो माणूस हुशार असणार.

बालाजीने मला ओळखले. उठला नाही, खुर्ची पुढे सरकवली. डोळ्यांखाली काळे झाले होते.

“पळायला जात नाहीस म्हणे?”

“पळणं अंगात हाय सर, ते कुठं जातंय? लोक इचारतेत, परत कवा जिकणार. गावात गेलो की पैला प्रश्न तोच. तुमी छापलं तवापासून मी जिकलेला हाय. हारलो म्हणून सांगू कुणाला?”

हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. चौकशीला उत्तर दिले, एवढेच.

मैदानी चाचणी अखेर लागली, भाद्रपदात, एका झिरमिर पावसाच्या सकाळी. मी बातमीसाठी गेलो होतो. अशा सकाळी मैदानाबाहेर एक वेगळेच गाव वसते. आदल्या दिवशीच आलेली मुले, रस्त्याच्या कडेला पसरलेली पोती, केळ्यांच्या गाड्या, बाटल्या आणि बूट सांभाळत बसलेले बाप. आत फोन नेता येत नाही, म्हणून फोन बापांच्या खिशांत. आतून क्रमांक पुकारले जातात. तीनदा पुकारतात, मग फाटक लागते.

मुंजाभाऊ आणि बालाजी रात्री परभणीत बालाजीच्या मावशीकडे मुक्कामाला होते. पहाटे दोघे आले. मुंजाभाऊंनी त्याला रांगेत उभे केले आणि आपण वळसा घालून तारेच्या कुंपणापाशी जागा धरायला गेले. धाव शेवटच्या वळणाला तिथून दिसते असे कोणी त्यांना सांगितले होते. जाताना फोन मागितला तेव्हा बालाजी म्हणाला म्हणे, “फाटकापाशी ठेवून घेतेत, दादा. तुमी जा.”

मी चहा प्यायला बाहेर आलो तेव्हा मला तो दिसला. रस्त्याच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसला होता. झेंडूचे बनियन, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. हातात फोन. पडद्यावरचे थेंब तो अंगठ्याने पुसत होता.

“अरे, तुझ्या तुकडीला बोलावतायत.”

“दोनच मिनिटं सर. शेवटच्या टेबलावर हाय मी. नऊ जण राहिलेत, मी दुसरा हाय.”

“ठेव मग खाली.”

“ठेवला की पत्ते आपोआप जातेत. पंधरा सेकंद देतेत फक्त.”

“खेळ परत खेळता येईल.”

“भरती बी परत येईल की सर.”

त्याने वर पाहिले नाही. पुढची भरती त्याच्या वयाला येणार नव्हती. हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

पहिला पुकारा झाला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेऊ शकलो असतो. अंतर एका हाताचे होते. घटनेची नोंद करणाऱ्याने घटनेत हात घालायचा नसतो, असे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. चार कॉलम भरताना तो नियम आठवला नव्हता. पुलावर आठवला. दुसरा पुकारा झाला. बालाजीच्या पायांची बोटे बुटाच्या आत हलत होती. बुटाचे टोक वर खाली होत होते. शरीर धावायला तयार होते. तिसरा पुकारा झाला. मग लोखंडी फाटकाचा आवाज आला.

मी कुंपणाकडे गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. तुकडी सुटली होती. मुंजाभाऊ तारेला दोन्ही हात लावून उभे होते. एका हाताच्या बोटांत सोललेले केळे, काखेत पाण्याची बाटली. वळणावरून पळणारी मुले आली, पावसात पुसट. दुसऱ्या नंबरावर झेंडूचा रंग होता.

“पळ बालाजी! पळ! मारुतीराया, पळ!”

आवाज चिरकला. आजूबाजूचे बापही ओरडू लागले, त्यांचा मुलगा नसताना. झेंडूचा रंग दुसराच आत गेला. मुंजाभाऊंनी दस्तीने डोळे पुसले, मग मला पाहिले, मग आधी हसले आणि मग रडले.

“बगितलं का साहेब? दुसरा आला. दम बी लागला न्हाई तेला. आता हे छापा.”

मी काही बोललो नाही. वीस वर्षे माणसांना नेमके काय घडले ते सांगण्याचे काम केले होते.

धाव संपवून मुले कुंपणाच्या आतल्या बाजूने दम घेत चालत येत होती. झेंडूच्या बनियनमधला मुलगा जवळ आला. मुंजाभाऊंनी तारांमधून केळे पुढे केले.

“काका,” तो म्हणाला, “मी कैलास हाव.”

हात तसाच राहिला. केळ्यावर पावसाचे थेंब पडत होते. थोड्या वेळाने मुंजाभाऊ म्हणाले, “खा. दमलास.” कैलासने ते घेतले, खाल्ले नाही. मग मुंजाभाऊ माझ्याकडे वळले. मी पुलाच्या दिशेला बोट केले. त्या सकाळी मी दिलेली तेवढी एक खरी माहिती.

ते चालत गेले. मी मागे होतो. त्यांनी फोन हिसकला नाही, हात उगारला नाही. पुलाच्या कठड्यापाशी उभे राहिले, इतके जवळ की त्यांची सावली पडद्यावर पडली असावी, कारण बालाजीने फोन थोडा कलता केला.

“बाला,” ते म्हणाले, “घरी चल.”

“थांबा दादा.” मान खालीच. “जिकायलोय मी. आता उठता येत न्हाई.”

मुंजाभाऊ कठड्यावर त्याच्या शेजारी बसले. बाटलीचे झाकण उघडले, पाणी प्यायले नाही, झाकण परत लावले. पाऊस वाढला तशी त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून मुलाच्या डोक्यावर धरली. फोन भिजू नये म्हणून नव्हे. पण फोनही भिजला नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीला मोठी गर्दी झाल्याची बातमी दोन कॉलम आली. अनुपस्थित उमेदवारांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होता. जागेअभावी तो परिच्छेद गेला.

कैलास लागला. त्याचा फलक चौकात लागला तेव्हा चौकट तीच होती. बालाजी ती स्पर्धा जिंकला नाही, आणि नंतर जे झाले त्याची बातमी होत नाही. हळूहळू घडणाऱ्या गोष्टीला मथळा देता येत नाही. तो आता लांबच्या शहरात एका गोदामात पाळीवर जातो. पोळ्याला येत नाही. त्या गावात मानाचा नारळ पुन्हा बैलाच्या धन्याकडे गेला आहे. मुंजाभाऊ तो हातात देत नाहीत, पारावर ठेवतात आणि बाजूला होतात.

मागच्या वर्षी मी देवळामागे गेलो होतो. ओटा स्वच्छ होता. लिंबाखाली पोरे बसली होती, गोलाकार नाही, जिकडेतिकडे तोंडे करून, एकमेकांशी न बोलता. मुंजाभाऊ केरसुणी घेऊन उभे होते. त्यांना आता फारसे दिसत नाही.

“झाडायला काही सापडतच न्हाई हो आताशा,” ते म्हणाले. “पैले पत्ते तरी मिळायचे सकाळी. कोण बसलं, किती बसलं, कळायचं. आता पोरं उठून गेली का हायत, ते बी समजत न्हाई.”

यंदाच्या वार्ताहराला मी संध्याकाळी फोन केला. छापणार नाही, म्हणालो. “तुमची मर्जी साहेब,” तो म्हणाला. “पण पान मोकळं हाय म्हणून कळलं होतं.” पान मोकळेच होते. येलदरीचे पाणी यंदाही सोडले नव्हते. तिथे बैलांच्या सजावटीची तीन छायाचित्रे लावली.

दुसऱ्या दिवशी ती बातमी दुसऱ्या एका पेपरात आली. पाच कॉलम. गाव वेगळे, पण मुलाने नारळ तसाच दोन्ही हातांनी वर धरला आहे, मागे बेगड लावलेली शिंगे आहेत. छायाचित्र चांगले आहे. डाव्या कडेला अर्धा माणूस दिसतो, एक खांदा, त्यावर दस्ती, खाली झुकलेला कान. बाकीचा चौकटीत बसला नसावा.